आधी ऑपरेशन, मग मंजुरी

राज्याच्या आरोग्य विमा योजनेत बदल व्हायचे होते. डॉक्टरांची मतं ऐकायला सरकारने त्यांना नवा रायपूरला, राज्याच्या नव्या राजधानीत, बोलावलं. रायपूरच्या तात्यापाऱ्यात छोटं रुग्णालय चालवणारी सर्जन ज्ञानदा डॉ. श्यामकांतांच्या गाडीतून निघाली. ते डॉक्टरांच्या संघटनेचे अध्यक्ष, आणि तिचे गुरू.

"आज एकच बोलायचं," ते म्हणाले. "उपचारांचे दर वाढवा, नाही तर आम्ही योजनेतून बाहेर."

"मी मंजुरीचं बोलणार आहो, सर."

"काहून? मुद्दे वाढले का अधिकारी एकही ऐकत नाहीत."

"मारोतीचं मले सांगावंच लागते."

मारोती गोल बाजारातला हमाल. मागच्या आठवड्यात आतडं फुटून तिच्याकडे आला होता. योजनेत ऑपरेशनआधी ऑनलाइन मंजुरी लागते, ती येईना. त्याचं पोट लाकडासारखं घट्ट झालं, तेव्हा ज्ञानदाने वाट पाहणं सोडून त्याला टेबलावर घेतलं. मारोती वाचला. मंजुरीआधी ऑपरेशन केलं म्हणून त्याची केस मात्र नामंजूर झाली.

बैठकीत श्यामकांत दरांवर बोलले. मग ज्ञानदा उभी राहिली. "मैंने नियम तोड़ा है," तिने सांगितलं, आणि मारोतीची हकिकत मांडली. "उद्या असा पेशंट आला तर पुन्हा तोडीन. जीव धोक्यात असेल तिथे आधी उपचार, मग मंजुरी, असा नियम करा."

"फिर तो हर अस्पताल हर केस को इमरजेंसी बताएगा," अधिकारी म्हणाले.

"काही बतावतील. त्यांना पकडा. ऑपरेशननंतर सगळे रिपोर्ट मागवा, दुसऱ्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. सुरुवात माझ्या रुग्णालयापासून करा."

"तपासणारे डॉक्टर कुठून आणू?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

संघटनेचे डॉक्टर हे काम करू शकले असते, पण ज्ञानदाने श्यामकांतांकडे पाहिलं नाही. ते हो म्हणतील याची तिला खात्री नव्हती.

"संघटना देईल," श्यामकांत म्हणाले. "पहिलं नाव माझं लिहा."

परतताना ते म्हणाले, "दराचं ठरायचं राहूनच गेलं ना."

"पुढच्या बैठकीत दोघं मिळून भांडू."

दिवाळीनंतर नवा नियम आला. दर होते तेवढेच राहिले, पण श्यामकांत योजनेतून बाहेर पडले नाहीत. तपासणीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी एका जुन्या डॉक्टर मित्राची खोटी इमरजेंसी नामंजूर केली आणि ज्ञानदाला फोन लावला.

"तो आता माझ्याशी बोलणार नाही," ते म्हणाले. "तुझ्या तीन इमरजेंसी आल्या होत्या, तिन्ही पास केल्या. चांगलं काम करून राहिली तू."