मिस वर्लीनचा अर्ज आणि मी

मी एक जुनी कॉफी मशीन आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. वॉशिंग्टनमधल्या एका सरकारी कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर, बेसिनच्या शेजारी, माझं अख्खं आयुष्य गेलं. अशा जागी राहिलं की माणसं बरोबर कळतात. भांड्यात मुद्दाम घोटभर कॉफी शिल्लक ठेवायची, म्हणजे 'मी नाही संपवली' असं म्हणायला आपण मोकळे आणि नवी करायचा त्रासही नाही! असले चाळे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. सरकार काही नोकरांना कॉफी पाजत नाही, म्हणून मजल्यावरच्या लोकांनी वर्गणी काढून मला आणलं. पहिल्या दिवशी काय कौतुक झालं! "वा, काय वास सुटलाय!" म्हणत साहेबसुद्धा खोलीतून बाहेर आले. साहेबांनी वर्गणी दिली नव्हती, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

माझी खरी काळजी घेतली ती मिस वर्लीन गॅस्किन्स यांनी. दर शुक्रवारी त्या मला आतून व्हिनेगरने धूत. सरकारी योजनांचं काम ठरल्याप्रमाणे होतंय का, हे तपासणाऱ्या विश्लेषकांच्या गटात त्या सगळ्यांत जुन्या. त्यांच्यावर दोन साहेब येऊन गेले. दोघांनाही काम मिस वर्लीननीच शिकवलं आणि दोघंही बढती घेऊन पसार झाले. दुसरा गेला तेव्हा वरून निरोप आला, तात्पुरतं तुम्हीच सांभाळा. ते तात्पुरतं वर्ष उलटलं तरी संपेना. माणसांना कामं वाटून देणं, त्यांच्या कामावर शेरे लिहिणं, भांडणं मिटवणं, सगळं त्याच करत. फक्त पद त्यांचं नव्हतं.

शेवटी त्या जागेची जाहिरात निघाली. सुपरवायझरी प्रोग्रॅम ॲनालिस्ट, म्हणजे विश्लेषकांवरचा मुख्य. त्या सकाळी मिस वर्लीन माझ्यासमोर उभ्या राहून स्वतःशीच म्हणाल्या, "आता तिसरा साहेब काही मी शिकवून तयार करायची नाही, बाई. एकदा तरी मला होऊ दे."

आता डॅरिलचं सांगते. डॅरिल पेटवे हा त्यांच्या शेजारच्या टेबलावरचा तरुण विश्लेषक, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. गोड बोलणारा. मला गोड बोलणाऱ्यांचा फार संशय येतो. अंदाजपत्रक कसं मांडायचं, कामचुकार माणसाला कसं समजवायचं, कॉफी ओतता ओतता तो त्यांना सारखं काहीतरी विचारत असे. आणि जाहिरात निघाल्यापासून तर त्याचे प्रश्न जास्तच वाढले!

या अर्जाची एक रीत आहे. एकेक काम दिलेलं असतं आणि त्यापुढे आपलं उत्तर निवडायचं असतं. कधीच केलं नाही, दुसऱ्याच्या देखरेखीखाली केलं, एकट्याने केलं, आणि शेवटचं म्हणजे इतर लोक मलाच विचारायला येतात.

"मिस वर्लीन, डोळे मिटून शेवटचं उत्तर मारा. सगळीकडे!" डॅरिल म्हणाला.

"सगळीकडे? आणि उद्या पडताळणी झाली म्हणजे?"

"अहो, सगळे तेच करतात. तुमच्या बाबतीत तर ते खरंही आहे. मी रोज कुणाचं डोकं खातो?"

"तू कुणाचं काय काय खातोस ते मला चांगलं ठाऊक आहे, राजा."

तो खो खो हसला. त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्याच दिवशी तो फोन कानाला लावून माझ्या खोलीत आला आणि त्याने दार लोटून घेतलं. "मिस वर्लीनना यातलं काही कळता कामा नये," तो हळूच म्हणाला. "त्यांचा निकाल लागू दे, मग मी काय ते ठरवतो." दार उघडलं तर बाहेर रिकामा कप घेऊन मिस वर्लीन! त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला तर आनंदच झाला, बरं का. चोर सापडला!

त्यांनी मनाशी पक्कं केलं. या पोराला माझी जागा हवी आहे, म्हणून हा मला खोटं लिहायला लावतोय, म्हणजे मी पकडली जाईन आणि बाद होईन. वर्षभर शेवटची सही वरच्या अधिकाऱ्याची होती, हे धरून त्यांनी जवळजवळ सगळीकडे 'दुसऱ्याच्या देखरेखीखाली' असं निवडलं. पण उत्तरांचे गुण आधी संगणक मोजतो, आणि ते कमी पडले की अर्ज माणसाच्या नजरेपर्यंत पोचतच नाही.

उत्तर आलं, अपात्र. वर्षभर जी खुर्ची सांभाळली, तिच्यासाठीच अपात्र! मला फार वाईट वाटलं.

पंधरवड्याने डॅरिल आपला कप धुवायला आला. त्याचं सामान बांधून झालं होतं. मिस वर्लीन तिथेच होत्या.

"बाल्टिमोरला निघालास म्हणे. साहेब होऊन."

"हो. ते लोक कधीचे बोलावत होते. मीच त्यांना थोपवून धरलं होतं."

"का? इथली जागा मिळते का बघायला?"

डॅरिल त्यांच्याकडे बघतच राहिला. "इथल्या जागेसाठी मी अर्जच केला नव्हता, मिस वर्लीन. तुम्ही साहेब झाला असतात, तर मी तुमच्या हाताखाली राहणार होतो. तुम्हाला आधी कळलं असतं, तर 'जा बाबा, माझ्यासाठी थांबू नकोस' म्हणून तुम्ही मला हाकलून दिलं असतं."

 मिस वर्लीननी बेसिनची कड घट्ट धरली. मग त्याचा कप त्याच्या हातून घेतला आणि स्वतः धुऊन दिला.

आता तिसरा साहेब आला आहे. त्याने येताना एकेका कपापुरत्या कॉफीच्या कुप्या घालायची नवी मशीन आणली आणि मला कोपऱ्यात सरकवलं. माझ्यावर धूळ बसते. मिस वर्लीन रोज त्याच्याजवळ बसून त्याला काम शिकवतात.

मित्रांनो, जमलं तर मला पुसून ठेवा, नाही जमलं तरी चालेल. पण ज्याच्याबरोबर रोज बसून कॉफी पिता, त्याच्याबद्दल मनात काही आलं तर तसंच ठेवू नका. मी पडले मशीन, म्हणून संशय घेत गप्प बसले. तुम्हाला देवाने तोंड दिलं आहे. सरळ विचारा.