चवळीखाऊ साहेब

इसियाका देंबेले साहेबांचे माझ्यावर मोठे उपकार आहेत, आणि ते त्यांच्या तोंडावर कबूल करायची मला सोय नाही. ते देंबेले, मी कोने. आमच्याकडे या दोन आडनावांचं नातं थट्टेचं. देंबेले दिसला की कोनेने त्याला चवळीखाऊ म्हणायचं, खादाड म्हणायचं, आणि त्याने तेच उलटून कोनेला ऐकवायचं. रागावायचं मात्र कुणीच नाही, रागावला तो हरला. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, मला विचारू नका. माझ्या आजीलाही ठाऊक नव्हतं.

कुत्यालाहून सिकासोकडे जाताना आमचा जिनिंग कारखाना लागतो. तिथलं स्टोअर मी बारा वर्षं सांभाळते. बेअरिंग, पट्टे, ग्रीसचे डबे, सगळं माझ्या खिडकीतून जातं. जीभ माझी जरा लांबच. नवरा होता तेव्हा तोही हेच म्हणायचा, देव त्याला शांती देवो. नवे साहेब आले त्या सकाळी आम्ही सगळे फाटकाशी उभे होतो. त्यांचं आडनाव कानावर पडलं आणि मला काही राहवलं नाही.

"आलास का रे चवळीखाऊ? इतकी वर्षं कुणाच्या हंडीत तोंड घालून बसला होतास?"

सगळे हसले. शेजारच्याने फ्रेंचमध्ये अर्थ सांगितला, तरी साहेब हसले नाहीत. ते फ्रान्समध्ये, लिऑनला वाढलेले. बाप आमच्याकडचा, पण त्याने पोराला नुसतं आडनाव दिलं, त्याच्यासोबतचं काहीच दिलं नाही. दुपारी माझ्या हातात पहिली लेखी ताकीद पडली. दुसऱ्या दिवशी फलकावर फ्रेंचमध्ये नोटीस लागली. कामावर कुणी कुणाच्या आडनावावरून, कुळावरून, खाण्यावरून बोलायचं नाही. तीन ताकिदी झाल्या की नोकरी संपली. यंत्रात बिघाड दिसला तर फॉर्म भरून पेटीत टाकायचा.

दुसरी ताकीद मला आठवड्याच्या आत मिळाली. त्राओरे आडनावाशीही आमची थट्टाच. तशा एका ड्रायव्हरला चहा देता देता तोंडातून चवळीखाऊ निघून गेलं, आणि साहेब नेमके मागे उभे. मग मात्र मी तोंडाला कुलूप घातलं. दोन मुलं शाळेत, आणि राहती खोली कारखान्याच्या वसाहतीतली. नोकरी गेली की खोलीही गेली, इतका साधा हिशेब होता.

आता आधी काम कसं चालायचं ते सांगते. कापसातून सरकी काढायच्या दोन नंबरच्या जिनवर झान कुलिबाली, आणि गाठी बांधायच्या प्रेसवर फासिने कैता. त्यांचंही नातं थट्टेचंच. झानच्या यंत्राचा आवाज जरा बदलला की फासिने तिथूनच ओरडायचा, "अरे कुलिबाल्या, तुझं यंत्र तुझ्यासारखंच घोरतंय. बघ की जरा." झान त्याचं खानदान उद्धरायचा आणि जाऊन बघायचा. चूक सांगून व्हायची आणि कुणाची मान खाली जायची नाही. तीच गोष्ट कागदावर लिहिली की चहाडी होते. त्या फॉर्मवर तर खाली एक रकाना होता, 'जबाबदार व्यक्तीचे नाव'. सोबत्याचं नाव लिहून पेटीत कोण टाकणार? पेटी रिकामी राहिली. साहेब रोज ती उघडायचे आणि वरच्या ऑफिसला कळवायचे, बिघाड शून्य. बाई गं, काय आनंदाने कळवायचे.

ऐन जानेवारी. धुळीचं वारं सुटलेलं, आवारात कापसाच्या ट्रकांची रांग फाटकाबाहेर गेलेली. त्या दिवशी झान तिसऱ्यांदा ग्रीस मागायला आला. एरवी त्याला डबा आठवडाभर पुरायचा.

"झान, खातोयस की काय ग्रीस?"

"मावशी, हळू," तो म्हणाला. "बेअरिंग तापतंय."

"मग साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हटलं, यंत्र जरा दमलंय साहेब. तर म्हणाले, फॉर्म भर. आता माझ्याच हाताने माझंच नाव लिहू? आणि या हंगामात यंत्र बंद पाडलं म्हणून मलाच घरी बसवतील."

मी खिडकी लावली आणि त्याच्यासोबत गेले. बेअरिंगच्या झाकणापासून वीतभर अंतरावर हात धरवेना. जळका वास येत होता, आणि चहूकडे रुईचा तो बारीक तूस, ठिणगी पडली की पेटणारा. पलीकडे फासिने प्रेसवर उभा होता. त्याला सगळं ऐकू येत होतं, दिसत होतं, आणि तो खाली मान घालून गाठी बांधत होता. मला त्याचा इतका राग आला, आणि मग माझाच आला. नोटीस लागल्यापासून तीन महिने मी तरी काय केलं होतं?

साहेब ऑफिसात फोनवर होते. मी आधी माझ्या चांगल्यातल्या चांगल्या फ्रेंचमध्ये म्हटलं, "साहेब, दोन नंबरकडे जरा नजर टाकलीत तर बरं होईल." त्यांनी फोनवर हात ठेवला आणि म्हणाले, "फॉर्म, मादाम कोने." मी पुन्हा म्हटलं. त्यांनी पेटीकडे बोट दाखवलं.

मुलं डोळ्यांपुढे आली, खोली आली. पण त्या तुसात उभा असलेला झानही आला.

"ए चवळीखाऊ, ऊठ," मी फ्रेंचमध्येच म्हटलं. "तुझी पेटी रिकामी आहे, कारण सगळे तुला टरकतात. तिकडे बेअरिंग जळतंय आणि पोरगा त्याला चिकटून उभा आहे. माझी तिसरी ताकीद मागाहून लिही. आधी यंत्र बंद कर."

त्यांचा चेहरा तापला. पण ते उठले, फोन तसाच टेबलावर टाकला आणि माझ्यामागून पळत आले. यंत्र बंद झालं, झानने झाकण काढलं. बेअरिंग निळं पडलं होतं. बाजूची रुई तपकिरी झाली होती, आणखी अर्धा तासही धीर धरला नसता तिने. साहेबांनी बोट लावलं, चटका बसला, आणि ते बोट फुंकत परत गेले.

पाळी सुटताना मला बोलावणं आलं. टेबलावर एक पत्र होतं, वर माझं नाव. तिसरी ताकीदच असणार ती. साहेब पत्राबद्दल बोललेच नाहीत.

"मादाम कोने, एक विचारू? वडील गेले तेव्हा लिऑनला एक म्हातारा आला होता. आम्ही कुणीच त्याला ओळखत नव्हतो. त्याने वडिलांची टोपी डोक्यावर घातली, त्यांच्यासारखा लंगडत चालला, आणि सगळ्यांसमोर फ्रेंचमध्ये म्हणाला, 'हा चवळीखाऊ मेलाबिला नाही, हादडून झोपलाय, उठवा त्याला.' मी त्याची कॉलर धरली आणि त्याला दाराबाहेर काढलं. जाताना म्हणाला, माझं नाव कोने."

त्यांनी बस म्हणायच्या आधीच मी खुर्चीत बसले.

"तो हसत होता का?"

"नाही. डोळे लाल होते."

"साहेब, तो रडायला आला होता. देंबेले गेला की कोनेने असंच रडायचं. सख्ख्यांना उघड रडता येतं, आम्हाला ती मुभा नाही. परमुलखात तुमच्या वडिलांना एक तरी कोने मिळाला, नशीबवान माणूस."

साहेबांनी चष्मा काढला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले.

"मी त्याला ढकललं," ते म्हणाले.

"ढकललंत. पण तो रागावला नसेल. त्याला रागावायची परवानगीच नाही."

मग ते हळूहळू बोलायला लागले. ती नोटीस उद्या फलकावरून उतरेल. पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांनी पाव तास एकत्र उभं राहून बोलायचं, आपल्या बांबारा भाषेत, जसं बोलता तसं. आपण मागे उभे राहून ऐकू. मी विचारलं, कळेल का तुम्हाला? म्हणाले, शिकेन. नोटीस लावणारे साहेब मी पुष्कळ पाहिले. आपली चूक झाली म्हणून स्टोअरमधल्या बाईला बोलावून विचारणारा हा पहिलाच.

मी उठले. पत्र तिथेच होतं.

"आणि ते?" मी विचारलं.

साहेबांनी पत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. शब्द जुळवत जुळवत, मोडक्यातोडक्या बांबारात ते म्हणाले, "ते तुला कशाला देऊ? कोनेला वाचता कुठे येतं. तिला कळते ती फक्त चवळी."

"गप रे खादाडा," मी म्हटलं आणि दार ओढून घेतलं. सरकीच्या पोत्यांमागे जाऊन बसले आणि पोटभर रडले. नोकरी राहिली म्हणून रडले, आणि बारा वर्षं राबले त्या कारखान्यात माझं आपलं माणूस आलं म्हणूनही.