लाल छापाची पुडी

"मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. ही चिठ्ठी आमच्यासाठी की मुंग्यांसाठी?" म्हातारा चागो गाडीच्या पायरीवर बसून कुरकुरला. गामालिएल त्याच्या पिंढरीवरची जखम धूत होता. पाय बधिरच होता, तेव्हा काम होतं ते फक्त तोंडाला.

"चष्मा लाव, म्हाताऱ्या," नेरेइदा म्हणाली.

"विकला."

पोन्से बंदराच्या धक्क्याजवळ ही गाडी दर मंगळवारी सकाळी उभी राहायची. नशा करणाऱ्यांकडून वापरलेल्या सुया घ्यायच्या, नव्या द्यायच्या, कुणी पुडी आणली तर त्यातली चिमूट पाण्यात विरघळवून तपासणीची पट्टी बुडवायची आणि आत काय मिसळलंय ते सांगायचं. लाल छापाच्या पुड्यांत आजही तेच निघालं होतं: फेंटानिल, म्हणजे चिमूटभरानंही श्वास थांबवणारं वेदनाशामक, आणि जनावरांना गुंगी आणायचं औषध. दुपारच्या आत नवी चिठ्ठी लिहून वस्तीत लावायची होती, आणि नेरेइदा सकाळपासून पहिल्याच ओळीवर अडली होती.

जुनी चिठ्ठी अजून गाडीच्या दारावर होती. तिच्याच हातची. वर ठसठशीत: 'लाल छापापासून सावध. फार कडक माल. दोघे गेले.' खाली, उरलेल्या जागेत कोंबलेलं: एकट्यानं घेऊ नका, आधी अगदी थोडं घ्या, श्वास मंदावला तर नाकात उताऱ्याचा फवारा मारा, मदत बोलवा, तोंडानं श्वास देत राहा.

शुक्रवारी एलिउद गेला. खिशात लाल छाप. सहा वर्षं तो सुया न्यायला यायचा आणि येताना पिशवीभर केनेपाची फळं आणायचा. त्याची शेवटची पिशवी सीटखाली तशीच होती, सालं काळी पडलेली. ती टाकायला हवी, हे नेरेइदाला कळत होतं. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर ओठ आपला राहत नाही ना, तशी ती शुक्रवारपासून अख्खीच बधिर होती.

तिनं लिहिलं, 'लाल छाप अजून कडक'.

"कडक नको," गामालिएल पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाला.

"का?"

"असंच. भेसळ लिही. आणि फवारा मारून जाग आली नाही तरी श्वासाकडे बघा, ते वर घे. मोठ्या अक्षरात."

"का, ते सांग ना."

"कापूस संपत आलाय," गामालिएल म्हणाला.

चागोनं पाय खाली घेतला.  त्यानं दारावरच्या चिठ्ठीकडे बोट केलं.

"मी होतो एलिउदबरोबर, बाई. त्यानं वाचून दाखवली मला. वरचंच वाचलं. म्हणाला, नेरेइदाबाई खोटं लिहीत नाहीत, कडक म्हणाल्या म्हणजे कडकच असणार. मग लाल छाप शोधत तीन चौक फिरला. त्याआधी तो निळा छाप घ्यायचा."