कुपीची मान

ती कुपी तुम्ही उघडलीत, साहेब. तुमचं नाव मी लिहीत नाही. ते संस्थेच्या दारावर पितळी अक्षरांत आहे, आणि क्लूज शहरात ज्याला वाचता येतं त्याला कळेल मी कोणाला बोलतोय ते. कुपी उघडलीत, आतलं काढलंत, दुसरंच भरलंत, आणि तेहतीस वर्षांपूर्वीचं म्हणून कमिटीच्या टेबलावर ठेवलंत. आता तुम्ही म्हणाल, पामफिल पितो. पितो. पण ज्योतीसमोर बसून कधी प्यायलो नाही, आणि हे प्रकरण काचेचं आहे. काचेतलं मला कळतं. तुम्हाला कळत नाही, तिथेच फसलात.

मी रसायन संस्थेचा काच फुंकणारा. चंबू, नळ्या, कुप्या, जे काय लागेल ते. शाळा सातवीत सुटली. बाकीचं कचऱ्यात पडलेली तुमची मासिकं वाचून शिकलो.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात तुम्ही अजून साहेब नव्हता. रेतेझातच्या डोंगरातून निळ्या बचनागाची नव्वद किलो मुळं आणलीत, त्यातली चार पोती माझ्या पाठीवरून उतरली. उकळून, गाळून, आटवून शेवटी चिमूटभर पांढरे स्फटिक निघाले. रेतेझातीन असं नाव दिलंत. रेणूचा नकाशा काढलात: कुठला अणू कुठे, कोणाचं तोंड वर, कोणाचं खाली. त्या नकाशावर तुम्हाला खुर्ची मिळाली, पदक मिळालं, अकादमीत जागा मिळाली. उरलेले नऊ मिलिग्रॅम सील करायला माझ्याकडे आणलेत.

आठवतं का? त्या हिवाळ्यात गॅसला दाबच नव्हता. ज्योत आजारी माणसासारखी पिवळी. म्हणून मी कुपीची मान चार बोटं लांब ओढली.

"एवढी मान कशाला रे? कुपी आहे की जिराफ?" तुम्ही विचारलंत.

"ज्योत मेलेली आहे साहेब, बराच वेळ धरावी लागेल. जवळ धरली तर तुमचा माल शिजेल."

तुम्ही हसलात. टोक मी मसुरीच्या दाण्यासारखं गोल बंद केलं, माझ्या उस्तादाने शिकवलं तसं. मग वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला, आणि तुम्ही कुपी चिमटीत धरून खिडकीपाशी उभे राहिलात. तो फोटो जिन्यासमोर लागला. तेहतीस वर्षं येता-जाता मी माझीच कुपी बघत होतो.

स्मारांदा वोइनेस्कु संस्थेत आली ती या रेणूसाठी. बचनागाला हात न लावता, बाटलीतल्या साध्या रसायनांपासून रेतेझातीन बांधायचं. एकतीस पायऱ्या. दोनशे ग्रॅमने सुरुवात करायची आणि शेवटी हातात येतं ते उंदराच्या लेंडीपेक्षा कमी. नऊ वर्षं लागली. एकोणिसाव्या पायरीवरच तीन वर्षं अडकली होती. स्वित्झर्लंडच्या बाझेलहून नोकरी आली, गेली नाही. नवरा गेला, परत आला नाही. बाईच्या अंगाला कायम सडक्या लसणाचा वास. ट्राममध्ये शेजारची जागा रिकामी राहायची. म्हणायची, "बरंय की, पिशवी ठेवता येते."

माझ्याकडे ती काचेच्या कांड्या घ्यायला यायची, मला नेआ, म्हणजे काका, म्हणायची. "नेआ पामफिल, टोकं गुळगुळीत करू नका हं. मला खरखरीत हवीत." स्फटिक धरत नसले की चंबूच्या आतून काच खरवडायची, त्या ओरखड्यावर पहिला कण बसतो. गुळगुळीत कांडीने काही होत नाही. पहिल्यांदा स्फटिक धरले तेव्हा तिने कोणाला बोलावलं ठाऊक आहे? मला. चंबू उजेडात धरला आणि दोघं बघत बसलो.

आठ दिवसांनी रडू. मोठ्या चुंबकाच्या यंत्रात रेणू घातला की कागदावर सुळके उमटतात, प्रत्येक रेणूचे वेगळे, अंगठ्याच्या ठशासारखे. यंत्र चालवते तान्ती, म्हणजे मावशी, व्हेता, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि दुप्पट फटकळ. तिने कागद काढला, तुमच्या जुन्या लेखातल्या आकड्यांशेजारी ठेवला आणि म्हणाली, "पोरी, हे ते नाही. चुलतभाऊ असेल, पण ते नाही."

महिनाभर स्मारांदाने आपलीच चूक शोधली. एकतीस पायऱ्या उलट्या चढली. चूक सापडली ती तुमच्या नकाशात. एका अणुगटाचं तोंड तुम्ही वर दाखवलंत, ते खाली असणार. तुमचे आकडे खरे होते, नकाशा चुकला होता.

चूक कोणाचीही होते. शहाऐंशीच्या यंत्रावर तर होणारच. आणि बाईने बोभाटा केला नाही. आपल्याकडची रीत पाळली: छापण्याआधी वडीलधाऱ्याला दाखवलं. तुम्ही तिला कॉफी पाजलीत. "घाई नको बाळ," म्हणालात. "तू केलंयस ते दहा मिलिग्रॅम दे माझ्याकडे. उंदरांवर तपासून घेऊ." तिने दिलं. कुठले उंदीर, साहेब?

पुढची दोन वर्षं ती दुसरा रेणू बांधत राहिली, तोंड खाली केलेला. या मार्चमध्ये झाला. व्हेताने सुळके तुमच्या आकड्यांशी लावले, शेवटच्या दशांशापर्यंत जुळले, आणि दृष्ट लागू नये म्हणून ती तीनदा थुंकली, यंत्रावर उडेल इतकी.

मग तुम्ही कमिटी बसवलीत. "छापील आकड्यांवर काय भांडायचं? मूळ पदार्थ आहे की. कुपी उघडू." ठरलं असं: कुपीतला माल बाईच्या दुसऱ्या रेणूशी जुळला तर नकाशा बदलायचा आणि तिला प्रोफेसर करायचं. नाही जुळला तर ऑक्टोबरच्या एक तारखेला तिची प्रयोगशाळा बंद. अकरा वर्षं गटारात.

मेची चौदा तारीख, सकाळचे अकरा. कमिटीचे पाच जण, तुम्ही, स्मारांदा. सीलबंद कुपी उघडणं माझं काम, म्हणून मलाही बोलावलं. तिजोरीतून तुम्ही स्वतः कुपी आणलीत आणि माझ्या हातात दिलीत.

मान दोन बोटं.

काच कापल्याशिवाय कुपी उघडत नाही, आणि कापलेली मान परत वाढत नाही. एकदा उघडून पुन्हा बंद केलेली कुपी कायम आखूड राहते. टोकही माझं नव्हतं. सुईसारखं अणकुचीदार, घाईघाईत ओढलेलं. केमिस्ट लोक सील करतात तसं.

मी वर बघितलं. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या हाताकडे बघत होता.

"चला नेआ पामफिल," कमिटीचा अध्यक्ष म्हणाला, "आम्हाला जेवायला जायचंय. का मंत्र म्हणताय?"

सगळे हसले. आणि मी कानस ओढली, ओल्या बोटाने ओरखडा भिजवला आणि मान मोडली. चाळीस वर्षांत मला "कापा" म्हटल्यावर मी कापलंय. त्या खोलीत माझं तोंड कोणी कधी मागितलं नाही, हातच मागितले. ही माझी लाज आहे, तीही लिहून ठेवतो. फक्त मोडलेली मान टोपलीत टाकली नाही, खिशात टाकली. काचेचा तुकडा मी टाकत नाही, सवय आहे.

वीस मिनिटं यंत्र घुमत होतं. स्मारांदा उभीच होती. कागद बाहेर आला. व्हेताने तो तिच्या दोन्ही रेणूंच्या कागदांशेजारी ठेवला.

कुपीतला माल पहिल्या रेणूशी जुळत होता. तुमच्या नकाशाशी.

"बाळ, मला याचा आनंद होत नाहीये," तुम्ही म्हणालात. "माझे जुने आकडे यंत्रामुळे चुकले असतील. नकाशा बरोबर निघाला."

ती कागदावर वाकली होती. तिने एका कोपऱ्यावर नख ठेवलं. "हा बारका सुळका."

"कचरा. असतो."

"माझा कचरा आहे. सत्ताविसाव्या पायरीचा. कितीही धुतला तरी थोडा उरतोच, मी त्याला झोपेतही ओळखेन. बचनागाच्या मुळात तो कुठून आला?"

"स्मारांदा, हरायलाही शिकावं लागतं."

अध्यक्षाने घड्याळ बघितलं. झालं. कमिटी जेवायला गेली.

दुपारी ती माझ्या कामाच्या जागी येऊन बसली. मागोमाग व्हेता, मागोमाग तुमची सेक्रेटरी, हातात तुम्ही पाठवलेली कार्नेशनची फुलं. व्हेताने मोजली. "चार? सम फुलं मयताला देतात, जिवंत माणसाला नाही! घेऊन जा, आणि सांग त्याला, मयताची तारीख अजून ठरली नाही."

सेक्रेटरी गेल्यावर मी खिशातली मान टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

स्मारांदाने तो तुकडा उचलून उजेडात धरला. मग हळूच म्हणाली, "आधी का नाही बोललात?"

"हात पुढे गेला बाई. तोंड मागे राहिलं."

"अकरा वर्षं, नेआ पामफिल. एक वाक्य. 'ही कुपी आधी उघडलेली आहे.' एवढंच."

व्हेता खेकसली, "त्याला नंतर मारू. आधी माप घ्या. रिकामी कुपी माझ्या ट्रेमध्ये आहे."

मोडलेल्या कडा एकमेकांत चपखल बसल्या. म्हणजे मान याच कुपीची. जोडून मापली: मान पोटाच्या पाऊणपट. मग तिघं जिन्यासमोर गेलो. स्मारांदाने फोटोवर पट्टी धरली. फोटोत मान पोटाच्या दीडपट आहे, साहेब, आणि टोकावर मसुरीचा दाणा आहे. व्हेताने मोबाइलवर पट्टीसकट पाच फोटो काढले. त्याच संध्याकाळी स्मारांदाने ते कमिटीला पाठवले, बारक्या सुळक्याच्या कागदासह.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर नुसता खिळा होता. "फ्रेम साफ करायला दिलीय," सेक्रेटरी म्हणाली. तेहतीस वर्षं धूळ दिसली नाही, नेमकी त्या रात्री दिसली!

कमिटीचं उत्तर आलं: फोटो हा शास्त्रीय पुरावा नव्हे. मग स्मारांदाने साधी गोष्ट मागितली. रेतेझातमध्ये बचनाग अजून उगवतो. नवी मुळं खणू, नवं रेतेझातीन काढू, सगळ्यांसमोर तपासू. राखीव जंगल आहे, संस्थाप्रमुखाची सही लागते. अर्ज तुमच्या टेबलावर नऊ आठवडे पडून आहे. आज ऑगस्टची वीस तारीख. वर बचनाग निळा झाला असेल. सप्टेंबरअखेर बर्फ पडेल, आणि मग तुमची एक तारीख येईल. तुम्ही बर्फाची वाट बघताय.

काल ती चंबू खोक्यात भरत होती. मी विचारलं, "हरलात?"

"नाही हो," म्हणाली. "हात रिकामे ठेवले की विचार येतात." मग एक खरखरीत कांडी उचलून खिशात घातली.

मी परवा सही करून निवृत्त झालो, पेन्शन तुमच्या हातात नाही. म्हणून हे छापायला देतोय. मला माफी नको, चौकशी नको, तुमची कॉफी नको. त्या हिवाळ्यात अर्धमेल्या ज्योतीवर मी नऊ मिलिग्रॅम बंद केले होते. कुपी कोणी उघडली? आतलं कुठे आहे? आणि लपवण्यासारखं काही नसेल, तर त्या अर्जावर सही का होत नाही?

तोंडी सांगू नका. बर्फाआधी, लिहून, तुमच्या सहीनिशी: कुपी कोणी उघडली?