पुट्टराजू सरांचा पासवर्ड

घरून काम करणाऱ्यांना सर्व्हरमध्ये शिरता यावं म्हणून बंगळुरूच्या त्या कचेरीत भार्गवीनं पासवर्डची सोय बसवली. पासवर्ड मात्र पुट्टराजू सरांनी हट्टानं स्वतः टाकला.

"ब्रह्मदेवालाही ओळखता यायचा नाही, अम्मा!"

भार्गवी गालात हसली.

दुपारी सर नेहमीसारखे टेबलाटेबलापाशी विचारत निघाले, "ऊटा आयता?" जेवण झालं का, हे सगळ्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. भार्गवीनं तेच शब्द टाइप केले. सर्व्हर उघडला!

"तुला कुणी सांगितला?" सर कडाडले.

"तुम्हीच की सर! रोज, अख्ख्या कचेरीला."

सर ओशाळले. जाऊन त्यांनी पासवर्ड बदलला.

चार वाजता, कॉफीच्या वेळी, तिच्या टेबलाशी थांबून त्यांनी प्रेमानं विचारलं, "काफी आयता?" आणि लगेच जीभ चावली.