पहाऱ्याचे उंदीर

त्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या कूनॅम्बलकडच्या शेतांवर उंदरांनी कहर मांडला होता. कोठारात हात घातला तर गव्हाआधी उंदीर लागायचे. निजलेल्या माणसाच्या उशीवरून खुशाल चालत जायचे. म्हातारा क्लॅरी पायरीवरून पडला, म्हणून त्याची लेक व्हर्ना दोन दिवस तिथे राहिली आणि कोठारातली ती किरकिर कानात घेऊनच सिडनीला परतली.

तसा व्हर्नाचा जन्म प्रयोगशाळेतल्या उंदरांतच गेला होता. शरीर म्हातारं का होतं, खाल्लेल्या अन्नाचं ते काय करतं, हे शोधता शोधता तिचेच केस पिकले. घास आवरला, रोज मोजूनमापून थोडंच खायला दिलं, की उंदीर जास्त जगतात, हे तिने कधीच दाखवून दिलं होतं. पण उतारवयात घास आवरला तर? हा तिचा शेवटचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर एका मांडणीवरच्या पिंजऱ्यांत, थकल्याभागल्या पांढऱ्या उंदरांच्या अंगात पिकत होतं. निवृत्ती तोंडावर आलेली. पुन्हा एवढे म्हातारे उंदीर घडवायला तिच्याकडे वर्षं उरली नव्हती.

उंदीरघराचा नियम कडक होता. बाहेरच्या उंदराशी संबंध आला, की पाच दिवस दाराकडे फिरकायचं नाही. पण ती परतली त्याच्या दुसऱ्याच दिवशी उंदरांचा श्वास मोजायचा होता. तो दिवस हुकला तर महिन्यांची मेहनत अर्धवट राहणार. व्हर्ना घासूनपुसून तीनदा न्हाली, शेतावरचे कपडे फेकून दिले, चष्मा स्पिरिटने पुसला आणि आत गेली.

आत उभं राहिल्यावर तिला आठवलं. शेतावर सकाळी चष्म्याच्या डबीत लेंड्या होत्या. आणि उंदरांचा एक विषाणू स्पिरिटला भीक घालत नाही, हे तर ती स्वतःच पोरांना शिकवत आली होती.

तरी तिने श्वास मोजून घेतले आणि बाहेर आल्यावर कोणाला काही सांगितलं नाही.

प्रत्येक मांडणीच्या तळाशी पहाऱ्याच्या उंदरांचा एक पिंजरा असतो. वरच्या पिंजऱ्यांतला मळका भुसा थोडाथोडा त्यात टाकायचा. वर रोग असला तर तो त्यांना लागणार, आणि ठरल्या दिवशी त्यांचं रक्त ते सांगणार. रोग निघाला, की अख्खी मांडणी मारून टाकायची. तो दिवस अजून लांब होता. पण व्हर्ना रोज खाली वाकून पहाऱ्याच्या उंदरांकडे बघायची. ते मजेत असायचे. हा रोग आधी रक्तात बसतो, अंगावर दिसत नाही, हे ठाऊक असूनही बघायची.

उंदीरघर सांभाळणारी लिएन एकदा म्हणाली, "काय गं, पहारेकऱ्यांवरच पहारा? निवृत्तीनंतर वॉचमन होणार वाटतं!"

व्हर्नाचे नुसते ओठ हसले.

मग एका सकाळी क्लॅरीचा फोन आला. म्हातारा खुशीत होता. "पोरी, गेले सगळे! एका रात्रीत! कोठारात नुसता खच पडलाय. काहीतरी रोग पडला म्हणतात."

"बाबा, हात लावू नका त्यांना."

"फावडं आहे की! आणि तुझा आवाज का असा? उंदीर मेले म्हणून सुतक धरलंस काय?"

फोन ठेवून व्हर्ना उठली. शेजारच्या मांडण्यांवर दुसऱ्यांचे आयुष्यभराचे प्रयोग होते. गप्प बसावं तर रोज त्यांच्याकडे पाऊल टाकणारा रोग तिचाच. ती तडक लिएनकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं.

"तू?" लिएन म्हणाली. "भाचीचा पाळलेला उंदीर कुरवाळला म्हणून त्या बिचाऱ्या मदतनिसाला पाच दिवस घरी कोणी बसवलं होतं गं? तूच ना?"

"मीच."

"बाहेर थांब. पहारेकऱ्यांचं रक्त काढते."

तीन दिवस व्हर्ना उंदीरघराकडे फिरकली नाही. चौथ्या दिवशी लिएन आली आणि तिच्याजवळ बसली. मग म्हणाली, "बाकीच्या मांडण्या सुटल्या. तुझ्या मांडणीत आहे. उद्या सकाळी."

व्हर्नाने मान हलवली. "एक मागू?"

"बोल."

"आज त्यांना पोटभर घालू दे."

"घाल. आता मोजायचं काय राहिलंय?"

अंगभर पोशाख चढवून व्हर्ना आत गेली. रोजची वेळ झाली होती. म्हातारे उंदीर मागच्या पायांवर उभे राहून पिंजऱ्याच्या तोंडाशी वाट बघत होते. तिने खाणं मोजायचा वजनकाटा बाजूला सारला आणि एकेक पिंजरा खाण्याने भरत गेली. उंदीर थबकले. इतकं अन्न ते विसरूनच गेले होते. मग एकाने दात लावला, शेजारच्याने लावला, आणि हां हां म्हणता सगळी मांडणी किरकिरू लागली.

तोच आवाज. बापाच्या कोठारातला. डोळे मिटले तर तो आवाज उशीशी आला.

दाराशी थांबलेल्या लिएनने निघायचं म्हणून दिवा मालवायला बटणाकडे हात नेला.

"नको," व्हर्ना म्हणाली. "त्यांचं होऊ दे."