लाजऱ्या माशाचा रंग

रंगारीणबाई दुकानांच्या पाट्या रंगवायच्या आणि पाटीवर बिनधास्त खोटं बोलायच्या. न्हाव्याच्या पाटीवर त्यांनी गिऱ्हाइकाला इतके केस काढले, की न्हावी म्हणाला, हे कापायला मला पुढचाही जन्म लागेल.

त्यांच्या नणंदबाई म्हणजे अगदी दुसरं टोक. त्या गावच्या तळ्यातले मासे अभ्यासायच्या. तीस वर्षं माशांचे काटे मोजले, पण एकदाही "साधारण वीस" असं तोंडातून निघालं नाही. भाऊ गेल्यावर नणंद-भावजय एकाच घरात राहिल्या, आणि पहिल्या चहापासून दोघींचं वाजायचं.

तर या तळ्यात एक लाजरा म्हणून मासा होता, जगात दुसरीकडे कुठेच नाही. तो काठच्या लव्हाळ्यांवर अंडी चिकटवायचा. लव्हाळी कापली गेली आणि मासा संपला. वीस वर्षांत कुणाला दिसला नाही. आणखी चार जातींचे मासे त्याच वाटेला लागले होते. नणंदबाईंनी हे सगळं लिहून ठेवलं होतं, पण त्या म्हणायच्या, माझे अहवाल फक्त झुरळं वाचतात. म्हणून शेवटी त्या भावजयीपाशी आल्या. मासेखात्याच्या कचेरीच्या रस्त्याकडच्या भिंतीवर हे पाचही मासे रंगवायचे, म्हणजे जाता-येता लोकांना कळेल.

बाई शिडीवर, नणंद खाली स्टुलावर, हातात भिंग. एका माशाला बाईंनी शोभेसाठी दोन खवले जास्त काढले, तर ते खरवडायला लावले. बाई म्हणाल्या, वन्सं, मासा काय मोजायला येणार आहे? वन्सं म्हणाल्या, मी आलेय ना.

पाट्यांच्या कामाची बाईंची रीत ठरलेली. आधी सगळ्या रेघा, मग रंग, वरून खाली. लाजरा सगळ्यात खाली, म्हणून त्याचा रंग शेवटी. वन्संनी बाटलीत जपून ठेवलेला मासा तर ओल्या चुन्यासारखा, स्पिरिटनं रंग पार खाल्लेला. वन्सं म्हणाल्या, तो मी जिवंत पाहिलाय, सांगेन की, घाई काय आहे.

आणि बुधवारी सकाळी वन्संच्या हातातला कप निसटला. अर्धं अंग लुळं पडलं, वाचा गेली.

बाईंनी वन्संच्या अकराच्या अकरा वह्या चाळल्या. काटे होते, खवले होते, अंड्यांची मोजदाद होती. रंग कुठेच नव्हता. बाटलीत जे टिकत नाही ते पुराव्यात धरायचं नाही, हा वन्संचा जन्माचा नेम. मग बाई नावाड्यांकडे गेल्या. एक म्हणाला, हळदीसारखा पिवळा. दुसरा म्हणाला, जांभळा, आणि वर हातभर लांब. तिसरा म्हणाला, माझ्या बायकोच्या मूडसारखा, घटकेघटकेला वेगळा.

राहता राहिल्या वन्सं. बाईंनी पुठ्ठ्याचे तुकडे रंगवले आणि दवाखान्यात खाटेपाशी बसल्या. ठरलं असं, की हो असेल तर पापणी एकदा मिटायची, नाही असेल तर दोनदा.

पिवळा दाखवला. पापणी एकदा मिटली. बाईंचा जीव भांड्यात पडला. पण इतकी वर्षं वन्संबरोबर काढलेली, म्हणून खात्रीसाठी जांभळा दाखवला. पुन्हा एकदाच. हिरव्यालाही हो. मग बाईंनी कोरा पुठ्ठा पुढे धरला. वन्संनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच पापणी मिटली.

कधी वाद घातल्याशिवाय हो न म्हणणारी बाई, आज भावजयीचं मन राखत होती. बाईंनी पुठ्ठे खाली ठेवले आणि नुसता हात धरून बसल्या.

चौथ्या दिवशी वन्सं गेल्या.

दिवस उरकल्यावर बाई भिंतीपाशी आल्या. आता हवा तो रंग द्यावा, पकडायला कोण होतं? पितळी सोनेरी भरला असता तर लोक वाहवा म्हणाले असते. बाईंनी ब्रश बुडवला, माशापाशी नेला, आणि पुसून ठेवला. मासा कोरा ठेवला. खाली पाटीच्या अक्षरांत लिहिलं: "हा लाजरा. काठची लव्हाळी कापली आणि हा संपला. याचा रंग आता कुणालाच माहीत नाही."

कचेरीतले साहेब म्हणाले, काम अर्धवट दिसतंय. बाई म्हणाल्या, पूर्ण आहे.

लोक थांबून वाचू लागले. एके दुपारी बाई शिडीवर चढून वरच्या माशांवरची धूळ पुसत होत्या, तेव्हा एक चटईवाले आजोबा आले. खांद्यावर चटयांची गुंडाळी. त्यांनी बोट फिरवत दोनदा वाचलं आणि शिडीकडे मान वर केली.

"बाई, ही लव्हाळी म्हणजे आम्ही चटयांसाठी न्यायचो तीच ना?"

दुसऱ्या कुठल्याही दिवशी बाईंनी गोड थाप मारली असती. थापांचा तोटा त्यांना कधीच नव्हता.

"हो, आजोबा. तीच."

आजोबांनी गुंडाळी खाली उतरवली आणि भिंतीला पाठ लावून बसले. आम्हाला कुणी सांगितलंच नाही, एवढंच म्हणाले.

"सांगणारी होती," बाई म्हणाल्या, "मलाच तिचं ऐकायला वेळ लागला."

मग त्या शिडीवरून उतरल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.